झोपेत त्यांचा हात लागला, हे त्यांना सांगू की नको?

पत्र थोडक्यात असं आहे. कोथरूडच्या एका ताईंनी लिहिलंय, वय ५८. मिस्टर ६३ वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले, इतके शांत की सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. गेली तीन-साडेतीन वर्षं ते पहाटेच्या सुमाराला झोपेत ओरडतात, शिव्या देतात, हातपाय झाडतात. गेल्या महिन्यात त्यांचा हात ताईंच्या डोळ्याखाली जोरात लागला, आठवडाभर निळं होतं. पोळ्यावाल्या मावशींना ताईंनी सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. मिस्टरांनाही तेच सांगितलं. नणंदेचं म्हणणं, दादाच्या मनात काहीतरी साठलंय आणि ते असं बाहेर पडतंय. मुलगा बाणेरला असतो, त्याने मोबाईलवर वाचलं की ही पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची सुरुवात असते, आणि त्याने आईला बजावलंय की बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. ताई विचारतात, हा माझ्यावरचा राग आहे का, खरंच पार्किन्सन्स होणार का, आणि त्यांना सांगू की नको?

ताई, तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही घसरल्याचं सांगितल्यावर मिस्टर त्याच दुपारी जाऊन बाथरूमसाठी रबरी मॅट घेऊन आले, आणि आता रोज अंघोळीला जाताना त्या मॅटवर पाय ठेवला की तुम्हाला रडू येतं. मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या मॅटमध्येच आहे, पण नणंदेचं बोलणं मनात रुतून बसलंय म्हणून तुम्हाला ते दिसत नाहीये, तर आधी तेच बघू.

झोपेत मारणारा माणूस मनातून चिडलेला असतो ही समजूत खूप घरांत आहे. आपल्याकडे म्हणतातच ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. पण या त्रासाच्या बाबतीत हा प्रश्न संशोधकांनी खरंच तपासून बघितलाय. इटलीतल्या डॉक्टरांनी २००५ साली असे पेशंट आणि त्याच वयाचे निरोगी लोक यांची तुलना केली. पेशंटच्या स्वप्नांत भांडणं, हल्ले, जनावरं अंगावर येणं हे खूप जास्त होतं, पण दिवसाच्या वागण्यातला रागीटपणा मोजला तर तो इतरांपेक्षा जास्त निघाला नाही. म्हणजे स्वप्न तापलेलं आणि माणूस शांत, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. तुम्हीच लिहिलंय की एकदा ते दचकून उठले आणि म्हणाले, अगं स्कूटरमागे कुत्री लागली होती, मी लाथ मारत होतो. अशा पेशंटकडून हेच ऐकायला मिळतं, कुत्रं मागे लागलं, चोर शिरला, कुणीतरी अंगावर आलं, आणि कितीतरी जण सांगतात की आम्ही स्वप्नात बायकोला वाचवत होतो. तुमच्या डोळ्याखाली जो हात लागला तो कदाचित त्या कुत्र्याला लागायचा होता.

इथे एक गोष्ट विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. दिवसा, जागेपणी कधी त्यांनी हात उगारलाय का? तुमच्या पत्रावरून तसं अजिबात वाटत नाही, पण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या घरी तसं असेल तर कृपा करून त्याला झोपेचा आजार समजू नका, तो विषय पूर्ण वेगळा आहे आणि त्याला मदतही वेगळी लागते.

आता झोपेत नेमकं काय होतं ते सांगते. रात्रभर झोप एकसारखी नसते, साधारण दर दीड तासाने रेम नावाचा एक टप्पा येतो, बंद पापण्यांच्या आत बुबुळं भराभर हलतात म्हणून ते नाव. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात आणि पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो, म्हणूनच तुमच्याकडे सगळा गोंधळ साडेतीन-चारच्या पुढे होतो. या टप्प्यात मेंदू जागेपणीइतकाच कामात असतो पण शरीर गळून पडलेलं असतं, कारण मेंदूच्या देठातल्या, म्हणजे मेंदू मणक्याला जोडणाऱ्या भागातल्या काही पेशी मणक्यातल्या नसांना गप्प बसवतात. डोळे आणि श्वास सोडला तर बाकी सगळं जणू कुलूपबंद, त्यामुळे स्वप्नात आपण कितीही पळालो तरी पलंगावर पाय हलत नाही. हे कुलूप निकामी झालं की स्वप्नातली लाथ खरीच बसते. फ्रान्समध्ये ल्योंला मिशेल जूव्हे नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांजरांच्या मेंदूच्या देठातला हा भाग निकामी करून बघितला होता, तर ती मांजरं गाढ झोपेत उठून उभी राहायची आणि समोर काही नसताना शिकारीवर झडप घालायची. माणसातला हाच प्रकार अमेरिकेत मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली पहिल्यांदा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. नाव लांबलचक आहे, रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, डॉक्टर नुसतं आरबीडी म्हणतात. दवाखान्यात येणाऱ्यांत पन्नाशीपुढचे पुरुष जास्त असतात.

म्हणजे १९८६ च्या आधी अशा बायकांना डॉक्टरांकडूनसुद्धा उत्तर मिळत नव्हतं. आणि नंतरही कितीतरी वर्षं मिळालं नाही, हे मी घरचं सांगते. माझे वडील असेच ओरडायचे. शनिवार पेठेतल्या दोन खोल्या, मधे भिंत कसली, लाकडी पार्टिशन होतं, मी पलीकडे कॉलेजचा अभ्यास करत पडलेली असायचे आणि ऐकायचे. आई शेवटी स्वयंपाकघरात ओट्याखाली गादी टाकून झोपायला लागली, आणि नातेवाइकांत चर्चा अशी की दोघांचं पटत नाही. आईने ते कधी खोडून काढलं नाही, तिला वाटायचं सगळ्याच घरांत असं असेल, यात सांगण्यासारखं काय. दहा-बारा वर्षांनी वडिलांचा उजवा हात कापायला लागला, न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, आणि त्यांनी वडिलांऐवजी आईकडे वळून विचारलं, हे झोपेत ओरडायचे का हो? आई जी रडायला लागली. पार्किन्सन्सचं नाव ऐकून ती रडत नव्हती ताई, इतक्या वर्षांत तिला हे कुणी पहिल्यांदा विचारलं होतं म्हणून रडत होती.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे आमच्याकडेही तेच होणार. थांबा. माझ्या वडिलांचं झालं ते त्यांचं झालं. तुमच्या मिस्टरांना आरबीडी आहे हे अजून कुणीही सांगितलेलं नाही, मुलाच्या मोबाईलने सांगितलंय. आणि दिसायला हुबेहूब असे दुसरे आजार आहेत. तुम्ही लिहिलंय की ते जबरदस्त घोरतात आणि मधेच श्वास अडकल्यासारखा होतो, ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास वारंवार बंद पडणं, तो जोरात असेल तर गुदमरून जाग येताना माणूस ओरडतो, हात झाडतो, विचित्र स्वप्नं सांगतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००५ मध्येच असे १६ पेशंट दाखवले जे ऐकून-बघून पक्के आरबीडीचे वाटत होते, पण तपासणीत निघाला अ‍ॅप्निया, आणि रात्री नाकावर सीपॅपचं, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन लावल्यावर ओरडणं-झाडणं गेलं. शिवाय डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी हा त्रास सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो, तर रिटायर झाल्यावर त्यांना तसली गोळी सुरू झालीय का ते आठवा, फक्त स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. रात्री येणारी फिट हेही एक कारण असतं. ही सगळी दारं बघून झाल्याशिवाय पार्किन्सन्सचं दार उघडायचं नाही.

बघायचं कसं, तर स्लीप स्टडी करून. एक रात्र दवाखान्यात झोपायचं, डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना चिकटवलेल्या वायरी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनची क्लिप आणि वर कॅमेरा. दुखत काही नाही, झोप जरा परकी लागते इतकंच. पुण्यात ही सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे, पण बुकिंग करताना एक नीट विचारून घ्या. घरी येऊन लावतात ते छोटं मशीन घोरण्यासाठी, अ‍ॅप्नियासाठी ठीक आहे, आरबीडी त्यात सहसा कळत नाही, कारण त्यात हनुवटीच्या स्नायूची नोंद आणि व्हिडिओ नसतो. तेव्हा फोनवर सरळ म्हणा, आम्हाला व्हिडिओसकट लेव्हल वन स्टडी हवीय, हातापायांची नोंद घेणारी. आणि त्याआधी न्यूरोलॉजिस्टला भेटा, झोपेचं किंवा पार्किन्सन्सचं काम जास्त करणारे असतील तर उत्तमच.

व्हिडिओवरून आठवलं. मुलाने सुचवलंय की आई तू गुपचूप मोबाईलवर शूट कर. शूटिंगचा डॉक्टरांना खरंच खूप उपयोग होतो, पण गुपचूप नको. त्यांना सांगून, टीपॉयवर मोबाईल उभा करून, मंद दिवा लावून करा. झोपलेल्या माणसाचं त्याला न कळवता केलेलं शूटिंग फॅमिली ग्रुपवर कसं पोचतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता समजा टेस्टमध्ये आरबीडीच निघाला. मग मुलाने वाचलेलं खोटं नाहीये, आणि मी तुम्हाला गोड बोलून ते लपवणार नाही. शेंक आणि महोवाल्ड यांनी १९९६ मध्ये सांगितलं की त्यांच्या ५० च्या पुढच्या २९ पुरुष पेशंटपैकी ३८ टक्क्यांना पुढे पार्किन्सन्ससारखा आजार झाला. २०१३ मध्ये त्याच गटाचा पुढचा हिशोब आला तेव्हा ८१ टक्के झाले होते, आणि झोपेचा त्रास सुरू झाल्यापासून तो आजार दिसेपर्यंत सरासरी १४ वर्षं गेली होती. २०१९ मध्ये याहून खूप मोठा अभ्यास आला, वेगवेगळ्या देशांतल्या २४ केंद्रांमधले १२८० पेशंट, त्यात दर वर्षाला साधारण ६ टक्के लोकांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा आजार झाला आणि १२ वर्षांत हे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवर गेलं. भाऊबंद म्हणजे मुख्यतः लुई बॉडी डिमेन्शिया नावाचा विसरभोळेपणाचा आजार. या सगळ्यांत अल्फा सायन्युक्लिन नावाचं प्रोटीन मेंदूच्या पेशींत गोळा होतं, आणि बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत असं की कित्येक पेशंटमध्ये ते आधी देठाच्या भागात साठतं, म्हणजे जिथे ते झोपेचं कुलूप आहे तिथेच, आणि हालचालीच्या केंद्रांपर्यंत पोचायला त्याला वर्षं लागतात.

आकडे मोठे आहेत. पण ते ज्यांचे आहेत ते लोक झोपेच्या मोठ्या केंद्रांत जाऊन, तपासून, पक्कं निदान झालेले आहेत, त्यामुळे तपासणीच्या आधी ते तुमच्या मिस्टरांना लावू नका. आणि वर्षाला सहा टक्के म्हणजे कुठलंही एक वर्ष घेतलं तर शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांचं ते वर्ष नेहमीसारखं जातं, एआरएआयच्या टेकडीवर जातात, नातवाला शाळेतून आणतात, भाजी आणतात.

मग कळून उपयोग काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आजार होऊच न देणारं औषध आज हातात नाही हे खरं. पण रात्रीचा त्रास कमी करता येतो, त्यासाठी झोपताना मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात, आणि यातली दुसरी गोळी अ‍ॅप्निया असेल किंवा तोल जात असेल तर जपून द्यावी लागते, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर आणायची नाही. व्यायामाच्या बाजूने पुरावा चांगला आहे, दम लागेल असं चालणं, तर ती टेकडी त्यांनी सोडू नये आणि जमलं तर तुम्हीही जा. पुढे कधी काही लक्षणं आलीच तर पहिल्याच महिन्यांत ओळखता येतील, माझ्या वडिलांसारखा हात दोन वर्षं फ्रोझन शोल्डर म्हणून शेकला जाणार नाही. जगभर या टप्प्यावर लोकांना गाठून नवीन औषधं तपासायची तयारी चाललीय, ती ज्यांचं निदान झालंय त्यांच्यासाठीच असणार.

लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगते, पण दिवसभर त्यांच्याकडे परीक्षकासारखं बघत बसू नका. हिंगाची फोडणी, उदबत्ती यांचा वास येईनासा झालाय का, बद्धकोष्ठता नव्याने मागे लागलीय का, उभं राहिल्यावर चक्कर, सहीतली अक्षरं बारीक होत जाणं, चालताना एकच हात हलणं. यातलं एखादं या वयात कुणालाही असतं. डॉक्टरांनी विचारलं तर सांगता यावं इतपतच. वास मात्र खरंच गेला असेल तर गॅस उघडा राहिलेला त्यांना कळणार नाही, तेव्हा सिलेंडरची जबाबदारी तुमच्याकडे घ्या.

आणि टेस्टची वाट न बघता आज रात्रीपासून झोपायची जागा बदला. तुम्ही लिहिलंय, 'छत्तीस वर्षांत आम्ही वेगळे झोपलो नाही, आता झोपले तर घरात बोलणं होईल.' होऊ दे. डोळ्याखाली लागलं ते दोन बोटं वर लागलं असतं तर? त्याच खोलीत दुसरी कॉट टाका, किंवा त्यांची गादी जमिनीवर आणि तुमची थोडी लांब. त्यांच्या बाजूची काचेची टेबललॅम्प, तांब्या-भांडं, चष्मा सगळं हलवा, टीपॉयचा कोपरा भिंतीकडे फिरवा, भिंतीवर हात आपटतो म्हणालात तर तिकडे उभे लोड लावा. गादी खाली घ्यायची नसेल तर निदान पलंगाशेजारी जाड सतरंजी दुमडून टाका. ओरडायला लागले की जवळ जाऊन हलवू नका, लांबून नेहमीच्या आवाजात हाक मारा. कधीतरी मित्रांबरोबर घेत असतील तर ते बंद, दारूने झोप आणखी बिघडते.

राहिला सांगण्याचा प्रश्न. मुलावर रागावू नका, तो घाबरलाय, घाबरलेली मुलं आईबापांवर पांघरूण घालायला बघतात. पण सांगायचं की नाही असा एकच प्रश्न समजून तुम्ही दोघं अडकलाय, आणि मला त्यात वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. रात्री काय होतं, हे त्यांच्याच शरीराचं आहे, ते लपवायचा अधिकार मुलालाही नाही आणि तुम्हालाही नाही. तपासणीला न्यायचं तर कारण सांगावंच लागेल, साध्या घोरण्यासाठी म्हणून नेलंत आणि तिथे डॉक्टरांनी पार्किन्सन्सचा विषय काढला तर त्या माणसाला आधी फसवलं गेल्याचं वाईट वाटेल, आजाराचं नंतर. राहता राहिली पुढची टक्केवारी. ती त्यांच्यावर ओतायची गरज नाही, आणि त्यांच्यापासून दडवायचीही नाही, त्यांनाच विचारायचं की डॉक्टर पुढचंही सांगू शकतात, तुम्हाला किती ऐकायचंय? काही लोकांना सगळं हवं असतं, मृत्युपत्र, बँकेची कामं, राहिलेले प्रवास सगळं मार्गी लावतात. काही म्हणतात, आलं की बघू. दोन्ही बरोबरच आहे, पण ठरवायचं त्यांनी. चाळीस वर्षं लोकांचे पैसे मोजलेला माणूस आहे, आकडा ऐकून कोसळेल असं मुलाने का धरून चाललंय ते मला कळत नाही.

शिवाय एक बाजू कुणीच बघत नाहीये असं मला वाटलं. साडेतीन वर्षं तुमची झोप मोडलीय, तुम्ही खोटं बोलताय, नणंदेचं ऐकून घेताय, आणि आता मुलाचं गुपितही तुम्हीच सांभाळायचं. हे इतकं ओझं एकटीने उचलू नका. पुढे कधी पार्किन्सन्स निघाला आणि गरज लागलीच, तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंटबरोबर त्यांच्या घरच्यांसाठीही काम करतात, मराठीत बोलणारी आणि यातून गेलेली माणसं आहेत तिथे. माझ्या आईला त्या काळात असं कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

बोलायची वेळ रात्रीची नको, आणि ते ओरडून उठल्याच्या लगेचची तर नकोच. सकाळी चहा झाल्यावर, टेकडीवरून आल्यावर, दोघंच असताना. सुरुवात कुठून करू असं विचारलंत तर त्या मॅटपासूनच करा. म्हणा, 'अहो, तुम्ही मॅट आणलीत ना, पण मी घसरले नव्हते. तुम्ही झोपेत होतात, तुमचा हात लागला. तुम्हाला ते माहीतही नव्हतं आणि मला तुमच्यावर राग नाही. पण मला भीती वाटतेय, आणि डॉक्टरकडे आपण दोघांनी मिळून जायचंय.' ते गप्प होतील, कदाचित खूप वाईट वाटून घेतील, दोन दिवस जेवणार नाहीत नीट. तेवढा वेळ द्या. मग मुलाला बोलवा आणि त्याच्यासमोर मिस्टरांनाच बोलू दे.

अपॉइंटमेंटला आत दोघं जा. तारखा, वेळा, काय ओरडतात, कुठला हात, घोरणं, सगळं एका वहीत लिहून न्या आणि डोळ्याखालच्या निळ्याचा फोटो काढलेला असेल तर तोही दाखवा, लाजू नका. डॉक्टर त्यांना विचारतील तेव्हा ते म्हणतील की मला काही आठवत नाही, आणि ते खरंच असेल, तिथून पुढचं तुम्हाला सांगायचंय.